कॉटनबेंडच्या लाइनबॅकरांचा अखेरचा क्रम

मी अर्लन व्हॉब्रिल, वय अठ्ठ्याऐंशी, राहणार कॉटनबेंड, नेब्रास्का, येथील कॉलेजच्या फुटबॉल संघाचा निवृत्त सहायक प्रशिक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, कारण कलम तीन वाचून गावात शंका निघतील.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी कन्या जोलीन हिला. पिकअप गाडी जावई केंट यास. त्याने ती अधूनमधून धुवावी.

२. मर्ल न्हाव्याच्या दुकानात टांगलेली सर्वोत्तम लाइनबॅकरांची माझी जुनी यादी उतरवून खालील यादी लावावी. मर्लचे मत विचारू नये. ते तो न विचारता देतोच.

३. पहिली फळी फुटल्यावर चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर आणतो तो लाइनबॅकर. असे एकोणतीस वर्षांत मी साठेक घडवले. तिसरा लाइल अमुंडसन, मोडक्या अंगठ्याने हंगाम काढणारा. दुसरा गॉर्डी पेट्स्का. पहिला अल्टन मेब्री.

पन्नास वर्षे मी गॉर्डीला पहिला म्हणत आलो. ते खोटे होते. १९६८ साली मधल्या जागेवरून सगळ्यांना इशारे देणारा काळा मुलगा देणगीदारांना नको होता. मुख्य प्रशिक्षकांनी मला तसे सांगितले आणि मी अल्टनला राखीव गड्यांच्या बाकावर बसवले. गॉर्डीचा घोटा मुरगळला तेव्हा अर्धा सामना अल्टन खेळला. अकरा गडी एकट्याने पाडले. पुढच्या शनिवारी पुन्हा बाक. हंगाम संपताच त्याने कॉलेज सोडले.

गेल्या महिन्यात मी त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. म्हणालो, "तूच खेळायला हवा होतास. मला ठाऊक होतं."

त्याने हातमोजे काढले. "मलाही ठाऊक होतं, कोच. मग बोलला का नाहीत?"

"नोकरी जाईल म्हणून."

त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. गुडघे बघा तुमचे."

नवी यादी सांगितली तेव्हा गॉर्डीने फोनवर मला फैलावर घेतले. "अर्ध्या सामन्यावर पहिला नंबर? कोच, म्हातारचळ लागलाय तुम्हाला."

"दोन वर्षं सरावात तू रोज त्याच्या शेजारी उभा होतास. तूच सांग."

"लिहा मग," तो म्हणाला.

४. त्या सामन्याचा चेंडू मी जपून ठेवला आहे. तो अल्टनला द्यायचा होता आणि या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच हवी होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. अल्टन म्हणाला, "मग चेंडू राहू द्या. मी सही करतो." चेंडू त्याच्या नावाच्या पट्टीसह कॉलेजच्या क्रीडादालनात ठेवावा. कॉलेज नाही म्हणाले, तर मर्लच्या दुकानात.

५. आज सहीसाठी गॉर्डी आधी पोहोचला. साक्षीदारांची पहिली ओळ मोकळी सोडून त्याने दुसऱ्या ओळीवर आपले नाव लिहिले आणि अल्टन येईपर्यंत टोपी काढून बसून राहिला.

वरील सर्व वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

अर्लन व्हॉब्रिल
कॉटनबेंड, १४ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार:
१. अल्टन मेब्री
२. गॉर्डन पेट्स्का