उत्तरेकडच्या भिंतीसह सदनिकेची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त इमारत-तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. असता तर दोष द्यायला कोणी तरी मिळालं असतं.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची सदनिका माझ्या एकुलत्या मुलीस मिळावी. सदनिकेच्या ऊर्जा-प्रमाणपत्रात ती ‘पहिल्या श्रेणीची’, म्हणजे थोडक्या विजेत उबदार राहणारी, असं नमूद आहे. आसपासच्या घरांपेक्षा तिला चढा भाव येतो तो याच कागदामुळे. त्यावर सही माझी आहे आणि तो खोटा आहे.

इमारत बांधली तेव्हा बिल्डरने मला तळमजल्याची एक भिंत उघडून दाखवली. आत ऊब धरणारं अस्तर व्यवस्थित भरलेलं होतं. एक भिंत बघायची आणि बाकीच्यांपुढे ‘नमुन्याप्रमाणे’ लिहायचं, ही आमच्या खात्याची रीतच होती. मी चाळीस घरांपुढे तसं लिहिलं. लाच घेतली नाही, चहा तेवढा घेतला. मग आपल्याच सहीवर भाळून यातलं एक घर विकत घेतलं.

कलम २. माझी सगळी बचत उत्तरेकडची भिंत फोडून आत अस्तर भरण्यासाठी खर्च करावी. ठेकेदार म्हणतो, एवढ्यात एकच भिंत होईल. एक तर एक.

त्या भिंतीला लागून माझ्या पत्नीचा पलंग होता. बावीस हिवाळे ती सांगत राहिली, “अहो, हात तरी लावून बघा, किती गार आहे.” मी हात लावला नाही, प्रमाणपत्र दाखवलं. म्हणालो, “भिंतीला काही झालेलं नाही, तुझ्याच अंगात रक्त नाही.” तिने मुकाट्याने रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या. मी मीटरवर डोळा ठेवून असायचो, म्हणून बाहेर गेलो की हीटर लावायची आणि माझी पावलं वाजली की बंद करायची. शेवटी छातीच्या दुखण्याने गेली. तिचा फोटो लावायला ड्रिल चालवलं, तर ते बोटभर आत जाऊन एकदम सुटलं. भोकातून बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

कलम ३. तो फोटो माझ्या मेहुण्यास द्यावा. एका हिवाळ्यात तो बहिणीला न्यायला आला होता, मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. त्याचं बरोबर होतं, म्हणून आजही त्याचं तोंड बघवत नाही. ड्रिल ज्याला हवं त्याने न्यावं.

कलम ४. मुलगी बारा महिने स्वेटर घालते आणि ‘मी आईवर गेलेय’ म्हणते. तिला कळावं की आईच्या रक्तात काही खोट नव्हती. हे मला तोंडाने सांगता आलं नाही.

कलम ५. सदनिका विकताना मी नव्याने करून घेतलेलं, सहाव्या म्हणजे तळाच्या श्रेणीचं प्रमाणपत्रच दाखवावं. मुलीने कच्चा मसुदा वाचला तेव्हा म्हणाली, “बाबा, माझ्याकडे दुसरं आहे काय? आणि आता खरं सांगून आईला ऊब मिळणार आहे का?” नाही मिळणार. वकिलांच्या मते ही अट टिकण्याची खात्री नाही. जुना कागद तिच्या हाती राहीलच. तरी लिहितो.

हे उघड झालं की उरलेल्या एकोणचाळीस घरांचाही भाव पडेल. माझे दोन्ही साक्षीदार त्यातलेच आहेत. काल विचारायला गेलो तेव्हा आधी वाचून घ्या म्हणालो. समोरच्या बाई हसल्या. “वाचायचं काय त्यात, काका? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.” पुन्हा वाचा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन (सही)
२. समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

स्थळ: सदर सदनिकेची आतली खोली
दिनांक: ९ डिसेंबर