माझं पीटीएच वाढलंय, बाकी काही नाही

२ एप्रिल
रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी फक्त नऊ. पीटीएच एकशे अठरा, हवं पासष्टच्या खाली. डॉक्टर म्हणाले, डी कमी पडलं की हे पीटीएच हार्मोन वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. म्हणून अंगदुखी, थकवा. आता साईनाथला सांगतो. तो ठाण्यात बसून म्हणतो, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही खचलाय. कलावतीला जाऊन तीन महिने होतील. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

५ एप्रिल, रविवार
पावडरचं पहिलं पाकीट दुधातून घेतलं. दर रविवारी एक, अशी आठ. चहाला कप मात्र दोन काढले. मग रडू आलं. पीटीएचमुळेच. डॉक्टर तसं बोलले नाहीत, पण मी ओळखलं.

६ एप्रिल
सकाळी सातला गॅलरीत ऊन घेतलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, कोवळ्या उन्हाचा उपयोग नाही, अकरा ते एक बसा. उद्यापासून गच्ची. नक्की.

७ एप्रिल
नाही गेलो. गुडघे.

९ एप्रिल
गच्चीची किल्ली सापडत नाही.
(सापडली. कलावतीच्या पर्समध्ये होती.)

१४ एप्रिल, दुपारी १२
गेलो एकदाचा. टाकीमागे तिची प्लास्टिकची खुर्ची. वाळवणाजवळ ती इथेच बसायची. शेजारी आणखी एक खुर्ची, माझ्यासाठी आणलेली. दर उन्हाळ्यात वरून फोन करायची की अहो, या ना, कावळे हाकायला सोबत होईल. मी म्हणायचो, मला ऊन सोसत नाही. या घरातल्या बावीस वर्षांत एकदाही गेलो नाही. नालायक माणूस मी.
पंधरा मिनिटं बसायचं होतं. सव्वा तास बसलो.

३ मे
रोज जातो. केवळ औषध म्हणून. आज शेजारच्या संचिताने कुरडया घातल्या आणि डबा कलावतीच्या खुर्चीवर ठेवला. मी तो उचलून माझ्या खुर्चीवर ठेवला आणि उभ्याने कावळे हाकले.

३० मे
डी अडतीस. पीटीएच पन्नास. डॉक्टर खूश. म्हणाले, सगळं नॉर्मल, आता भर दुपारी वर जायची गरज नाही.
घरी येऊन खूप रडलो. आता या रडण्याला नाव कशाचं देऊ?
साईनाथचा फोन आला. रिपोर्ट विचारला. सांगितलं, डी अजून कमीच आहे, बसावं लागेल.
बारा वाजले. वर जातो.