दूरचे दिवे

सोमवार, ३ मार्च

ठकीने आज मला पेचात पकडलं. पुढच्या शनिवारी तिला पहिल्यांदाच रात्री एकटीने विमान उडवायचंय. शेजारी शिकवणारे सर नाहीत, कोणी नाही. मी अर्थातच नको म्हणाले. ती भांडली नाही. माझ्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ टाकला, जॉयस्टिक जोडली आणि म्हणाली, "आधी रात्रीचं तू उडवून बघ. मग नको म्हणालीस तर नाही जाणार." आणि गेली होस्टेलवर! लेकीने शब्द दिलाय, म्हणजे आता सगळं माझ्या गळ्यात. नको म्हणायला मी तयारच बसलेय.

मंगळवार, ४ मार्च

दवाखाना बंद करून बसले. पडद्यावर मिट्ट काळोख — विमान कुठे, जमीन कुठे, पत्ता नाही. मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडावर दिवा धरते. दिसत नसेल तर उजेड वाढवायचा, एवढंच मला कळतं. सेटिंग उघडून ब्राइटनेस टोकाला नेला. विमानाच्या आतले दिवेही फुल्ल केले. समोरचे काटे लख्ख झाले, बाहेर मात्र सगळं राखाडी. नवरा मागून डोकावला. "ही रात्र आहे की पुसलेला फळा?" म्हणाला.

बुधवार, ५ मार्च

विमानासकट तळ्यात पडले. नवरा विचारतो, पोहता येतं ना?

गुरुवार, ६ मार्च

ठकीला फोन केला — तक्रार करायलाच. तुझ्या रात्रीत बाहेरचं काही दिसत नाही म्हटलं. हसली. "आई, आतले दिवे फुल्ल ठेवलेस ना? अगं, त्यांचंच प्रतिबिंब काचेवर पडतंय. काटे वाचता येतील एवढाच उजेड ठेव. ब्राइटनेस होता तिथे आण. ढग आणि सावल्या कमी कर, नाहीतर तुझ्या कॉम्प्युटरला धाप लागेल. आणि दूरचे दिवे मात्र सगळ्यात वर ने."

सगळं तसंच केलं. खोलीतली ट्यूबही बंद केली. आधी काहीच दिसेना. धीर धरून बसले. मग हळूहळू — काय लिहू! खाली अख्खं गाव उमटलं. रस्ते, पूल, एकेक खिडकी. पार लांबपर्यंत दिवेच दिवे आणि वर तारे, मधली रेघ कुठे तेच कळेना. खोटं आहे हे माहीत असूनही अंगावर काटा आला. नवऱ्याला हाक मारली. तो येऊन मागे उभा राहिला, आणि त्याला एकही विनोद सुचला नाही.

रविवार, ९ मार्च

रोज बसतेय. उतरणं अजून धड जमत नाही. खरं सांगायचं तर उतरावंसंच वाटत नाही. काल एका पेशंटला "आ करा" म्हणायच्या ऐवजी "वर बघा" म्हणाले.

पण धावपट्टी! दिव्यांच्या दोन ओळी आणि मध्ये नुसता काळोख. त्या काळोखात जमीन आहे असं धरून चालायचं आणि चाकं टेकवायची. अंधारात बाथरूमपर्यंत जायला मला उठवणारी ठकी, ती हे करणार? खूप भीती वाटते. आणि एवढं सुंदर काही ती रोज बघू शकेल, मी "नको" म्हटलं की कधीच नाही, हेही डोक्यातून जात नाही.

बुधवार, १२ मार्च

फोन केला.

"भीती काही गेली नाही," म्हणाले.

"मग?"

"मग काय. जा."

मग म्हणाली, "शनिवारी जेवणाच्या सुमाराला घरावरूनच जाईन. डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. बघशील?"

शनिवार, १५ मार्च

तिला घर दिसावं म्हणून गच्चीत दवाखान्यातला मोठा दिवा नेऊन लावला. विमानाचा आवाज आला, अगदी जवळ आला, पण वर काही म्हणता काही दिसेना. मग लक्षात आलं. दिवा बंद केला.

लाल. हिरवा. आणि मध्ये माझी ठकी.