साडेबाराची कॉपी

२ जून, सोमवार
दूध संस्थेची काळी पेटी आजपासून आमच्याकडे, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. संस्थेतला मोठा कॉम्प्युटर बंद पडला तर हिने त्याच्या जागी उभं राहायचं. हे तिथे कॉम्प्युटरवर आहेत, म्हणून जागा आमची. मोठ्याच्या पोटात म्हणे तीन कॉम्प्युटर — हाताला लागत नाहीत, पण एक दुधाची नोंद ठेवतो, एक पेंडीची, एक पगाराची. रोज साडेबाराला तिघांची कॉपी पेटीत येणार.

बसवायला संगमनेरहून स्टेला आली, संस्थेत नवी लागलेली. "वहिनी, मी कधी येत जाऊ?" म्हटलं, अकरा सोडून कधीही. तेव्हा मी दत्ताच्या देवळात, घराला कुलूप.

५ जून, गुरुवार
हे पाऊणला जेवायला येतात. ताट वाढलेलं, आणि हे पेटीपुढे, फोन कानाला, पलीकडे स्टेला. "आली बघा कॉपी, मॅडम." भाजी गार. पोथी वाचताना पेटीची घरघर ती वेगळीच.

१० जून, वटपौर्णिमा
उपाशीपोटी वडाला फेऱ्या घालून आले. हे फोनवर हसत होते — "मॅडम, डोकं तुमचंच!" अठरा वर्षं काटकसरीने घर चालवलं, माझं डोकं ह्यांना दिसलं नाही. आणि मी वेडी, आत्ताच सात जन्म मागून आले.

११ जून
सव्वाबाराला पेटीचं बटण बंद केलं. पाऊणच्या आत चालू. कॉपी नाही. "लाईट गेली असेल," हे फोनवर म्हणाले. मी चपाती वाढली.

१३ जून
ह्यांचा दुपारचा फोन बंदच झाला. "मॅडम म्हणाल्या, तुम्ही बघू नका, मी इथून बघते." बरं झालं. बटण मात्र रोज बंद करते. खात्री नको?

२० जून, शुक्रवार
काल सांजेला संस्थेवर वीज पडली. मोठा कॉम्प्युटर जळाला. चेअरमन बिभीषण आबा सकाळीच दारात — "वाल्मिक, पेटीत काही नसलं तर तू घरी बस." सहाशे घरांचं दूध, दहा दिवसांचं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. माझं कशाने पळालं ते कोणाला सांगू? दत्ताला म्हटलं, माझं नाव येऊ देऊ नको. मग म्हटलं, येऊ दे, पण ह्यांची नोकरी राहू दे.

दुपारी स्टेलाने पेटी उभी केली. तिन्ही कॉम्प्युटर उठले. काल सकाळपर्यंतचं सगळं दूध त्यात! मी तर रोज बंद करत होते.

२१ जून
हे बाहेर आबांशी बोलत होते. स्टेला वायर गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, "वहिनी, लाईट गेली तर वायफायही जातं. तुमचं चालू होतं, बंद फक्त पेटी. म्हणून मी कॉपीची वेळ अकराची केली, तुम्ही देवळात असता ना. सरांना नाही बोलले."

हे आत आले. "काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.