पांढरा दोरा, काळा दोरा

४ नोव्हेंबर
एनआयआर मशीन बसलं. गुळवेलीच्या अर्काची पूड वाटीत ठेवायची, मशीन तिच्यावर न दिसणारा प्रकाश सोडतं, पडद्यावर नागमोडी रेघ येते. इंजिनिअर म्हणाला, "आधी चांगले-वाईट दोन्ही नमुने दाखवा मॅडम, त्यावरूनच शिकेल." सगळ्यांनी सिद्रामप्पामामांकडे पाहिलं. मामा दुधनीचे. तीस वर्षं जिभेवर माल पास करतात. प्रत्येक लॉटची चिमूट बाटलीत. पास तर गळ्याला पांढरा दोरा, नापास तर काळा.
मालक म्हणाले, मशीनचं नि मामांचं जुळतंय तोवर मामा राहतील. मामांच्या तोंडावर. मला राग आला.

६ नोव्हें.
दिवसभर बाटल्या पुसल्या. माझ्या पहिल्या वर्षाची सापडली, चिठ्ठीवर माझं तेव्हाचं गोल अक्षर. बीएस्सी होऊन आलेली मी, लॅब म्हणजे काचसामान एवढंच ठाऊक. मामांनी पहिल्याच दिवशी चिमूटभर पूड चाखायला लावली. डोळ्यांत पाणी. मामा म्हणाले, "कहि अद." कानडीत, कडू आहे. म्हणजे पास! मग ड्रॉवरमधून गुळाचा खडा. तो गूळ अजून तिथंच असतो. फार चांगले दिवस होते.

७ नोव्हें.
मशीन शिकलं. मामांशी सगळं जुळतंय. खूश होऊन त्यांनी चहा पाजला. एकच बाटली अडली, गेल्या वर्षीच्या श्रावणातली. दोरा पांढरा, मशीन म्हणतं काळ्यातली. तीनदा लावली, तेच. बाहेरच्या लॅबला पाठवली.

११ नोव्हें.
रिपोर्ट आला. अर्कात कस नाही. मशीन बरोबर.
गेल्या वर्षीची वही काढली. त्या दिवशी लिहिलंय, 'सर्दी. तोंडाला चव नाही. मामांनी लॉटची चिमूट पुढे केली, ठीक म्हणून टाकलं.'
दोन वर्षं मामा आधी मला म्हणतात, "तू चव बघ आदी." मला वाटायचं, अजून शिकवतायत.

१२ नोव्हें.
मामांना विचारलं शेवटी. मान खाली. "तापात चव गेली पोरी. परत आलीच न्हाय. तुज्या तोंडाकडं बघून सांगत हुतो. तुजं तोंड खोटं बोलत न्हाय."
"त्या दिवशी बोललं की मामा."
रडू आलं. तो माल केव्हाच विकला गेला. कुणीतरी भरवशाने घेतला असेल. झोपताना तेच डोक्यात.

१४ नोव्हें.
मालकांना उद्या कागद हवाय. 'नमुने कोणी तपासले?' एकच नाव, खाली माझी सही. गेल्या दोन वर्षांच्या बाटल्यांवर मामांचं लिहिलं तर खोटं. माझं लिहिलं तर मामा घरी.
दुपारी नवा लॉट आला. मामांनी सवयीने चिमूट माझ्यापुढे केली. चाखली. मुद्दाम चेहरा हलू दिला नाही. ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कहि अद?"
इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, सांगायचे.
"हो मामा. लई कडू."
त्यांनी पांढरा दोरा बांधला. मग गूळ मोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. गोड लागतो का, विचारायचा धीर झाला नाही.
कागद कोराच आहे.