येळवशीच्या दिवशीचा उपास

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पण हे बोलायला दुसरं कोण आहे?

लातूर आता जिल्हा झालं. लोकांनी पेढे वाटले, आम्हीबी खाल्ले. मग कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले आणि आमच्या एका खोलीचं भाडं चढलं. ह्यांची डाळमिलची मजुरी मात्र होती तिथंच आहे. घरात कमावणारे हे एकटे. दिवसभर डाळीच्या ढिगात उभे राहतात, आणि घरी आमच्या वरणात डाळ शोधावी लागते! गोडंतेल थेंबाथेंबानं टाकते, चहा दूध न घालता करते, पीठ चाळायचं सोडून दिलंय, कारण कोंडाबी पोटात जातोच. हे करताना तुझी आठवण येते, आणि खरं सांगू, आधी रागच येतो.

बहात्तरच्या त्या दुष्काळात आपले अप्पा उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते. मोंढ्यात धान्यच येईना, मापणार काय? तू आधी सोमवार धरायचीस. मग शनिवार धरलास, मग गुरुवार, मग प्रदोष. आम्हा लेकरांना वाटायचं, अव्वाला देवाचं वेड लागलंय. शेजारणींनी विचारलं तर तू हसून म्हणालीस, "पाऊस पडू दे म्हणून धरलंय, बाई." झालं! गल्लीभर बोभाटा. बाया येता-जाता तुझ्या पाया पडू लागल्या.

आणि येळवस आली. त्या अमावस्येला सगळं उदगीर रानात जेवायला जातं, ज्याला रान नाही त्याला कुणीतरी नेतंच. अप्पांच्या आडत्यानं आपल्याला त्याच्या रानात नेलं, तिथल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. किती खुशीत होतीस तू! वाटेनं माझा हात धरून सांगतेस, "आज भज्जी खाऊ, आंबिल पिऊ, पोट तट्ट होऊस्तोवर." पंगत बसली. पदर सावरून तू माझ्याजवळ बसलीस. आडत्याची बायको डाळी-भाज्यांच्या त्या भज्जीचं पातेलं घेऊन आली, मला वाढलं आणि तुझ्यापाशी थबकली. "अगं बाई! तुमचं तर व्रत हाय. साऱ्या गावासाठी पाऊस मागताय तुम्ही, अन् मी वाढून पाप घेऊ व्हय?" तिनं तुझ्यापुढचं ताट उचललं, वर तुझ्या पाया पडली. मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे. आता बोलशील, आता तरी बोलशील. तू म्हणालीस, "हाव, अमावस्येला निरंकार असतंय माझं. पाणीबी घेत न्हाई मी." आणि उठून पंगतीला आंबिल वाढायला लागलीस.

परतताना बांधावर मटकन बसलीस. मी रडवेली होऊन म्हणाले, "अव्वा, सांगायचं की गं, भूक लागलीय म्हणून." तर माझ्यावरच उखडलीस. "गप बस! घरातलं रानात सांगत्यात व्हय? उद्या अप्पांनी मोंढ्यात तोंड कसं दाखवायचं?" पुढच्या उन्हाळ्यात तू अंथरूण धरलंस ते सुटलंच नाही. लोक म्हणाले, व्रतात देह झिजवला, पुण्यवान बाई. पुण्यवान म्हणे! उपाशी मेली माझी आई, आणि गावानं आरती ओवाळली.

म्हणून मी ठरवलं होतं, आपण उपास धरायचा नाही. लेकरांसमोर बसून जेवायचं, नसलं तर नाही म्हणून तोंडावर सांगायचं. मी सांगते. पण त्यानं काय झालं? काल जेवताना माझ्या धाकटीनं, अजून शाळेतबी जात नाही ती, आपली अर्धी भाकर हळूच माझ्या ताटात सरकवली. "मला नको, पोट भरलं." कुठलं भरलंय, फ्रॉकमधून बरगड्या दिसत होत्या. हे तिला कुणी शिकवलं गं? मी तर नाही शिकवलं.

हा कागद चुलीत घालीन, ह्यांच्या हाती नको पडायला. तिला रागवायला हवं होतं, भाकर परत तिच्या ताटात टाकायला हवी होती. तसं काही केलं नाही मी. मी ती खाल्ली, अव्वा. लई भूक लागली होती.