पित्ताच्या लाइनचं काम चालू आहे

३ मार्च
सोनोग्राफी झाली. हिच्या पित्ताशयात खडे. म्हणजे पित्तच. वर्षभर मी दुसरं काय सांगत होतो? ही जेवण झालं की उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची आणि मी म्हणायचो, पित्त झालंय, थंड दूध घे. डॉक्टरांच्या कानावर हे मुद्दाम घातलं. ते म्हणाले, लोक ज्याला पित्त म्हणतात ती जठरातली आम्लता. हे पित्त वेगळं, यकृतातलं. दोन वस्तूंना एकच नाव ठेवणाऱ्याला धरा, मला का?
तरी घरी येईपर्यंत हिच्याकडे बघायचं टाळलं.

४ मार्च
भाचीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं. यकृत पित्त बनवतं, पित्ताशय साठवतं. तेलकट, तुपकट काही लहान आतड्यात उतरलं की ही पिशवी आवळते आणि पित्त खाली सोडते. त्याशिवाय चरबी फुटत नाही आणि फुटल्याशिवाय आतड्याच्या भिंतीत शोषली जात नाही. पिशवीत खडे असले तर आवळताना कळ.
पुन्हा वाचलं. दूध मी सायीसकट द्यायचो. माझ्या वाटणीची सायसुद्धा हिलाच.
हिला जेवताना सांगायचं ठरवलं. ही उकडलेला भोपळा मुकाट्याने खात होती. जेवताना असले विषय काढू नयेत.

६ मार्च
सर्जन म्हणतात, पिशवी काढू. ही म्हणाली, काढा. मी म्हणालो, विचार करू. पाणीपुरवठा खात्यात हयात गेली माझी. लाइन चोक झाली म्हणून कुणी टाकी उपटत नाही, हे सर्जनना समजावलं. ते म्हणाले, टाकी नसली तरी यकृतातून पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं, पचन चालतं. थोडक्यात, बायपास. बायपास कधी कायमचा असतो का?
बाहेर आल्यावर ही म्हणाली, अहो, पोट माझं आहे. मी म्हणालो, जबाबदारी माझी आहे. म्हणताना साय आठवली.

९ मार्च, सकाळ
संकल्प. हिला ऑपरेशनशिवाय बरं करायचं. म्हणजे सायीची भरपाई होईल आणि साय सांगावीही लागणार नाही.

संध्याकाळ
आमच्या हेडक्लार्कच्या साडूने वाटीभर तेलात लिंबू पिळून एका दमात घेतलं, खडे वाहून गेले म्हणे. याला आमच्यात फ्लशिंग म्हणतात. तेल म्हणजे चरबीच, एवढं मला कळतं. पण सायीने पिशवी अर्धवट आवळत असणार, म्हणून नुसतं दुखलं. प्रेशर कमी पडलं, इतकंच.
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, तुम्ही तुमचे नळ बघा, ताईला डॉक्टरांवर सोडा. या घराण्याला तांत्रिक दृष्टी म्हणून नाही.

१० मार्च
ही आधी नको म्हणाली. मग म्हणाली, एवढं मनावर घेतलंय तर द्या. माझ्याकडे बघत बघत वाटी संपवली. मी खिडकीबाहेर बघत होतो. काही नव्हतं तिथे.

दुपार
कळा सुरू. अपेक्षितच. तुंबलेली लाइन सुटताना आधी आवाज करतेच.

नंतर
उलट्या. ही माझ्याशी बोलत नाही. गाडी बोलावली आहे.

१२ मार्च, हॉस्पिटल
हिचे डोळे पिवळे झालेत. खडा सुटला. इथपर्यंत माझं गणित बरोबर होतं. पण सुटून पुढच्या नळीत अडकला. पित्त तुंबून रक्तात चढलं. त्यात स्वादुपिंडाची नळी याच नळीला येऊन मिळते आणि दोघींचं आतड्यात उघडणारं तोंड एक. कुठल्या कंत्राटदाराने पास करून घेतलं कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंड वाचलं हे नशीब, नाहीतर जिवावर बेतलं असतं.
मग विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, विशेष काही नाही. ही डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, वाटीभर तेल. कुणी दिलं, डॉक्टरांनी विचारलं. ही म्हणाली, मीच घेतलं.
पेन नीट चालत नाहीये. रिफिल संपत आली असेल.

१७ मार्च
परवा दुर्बिणीने नळीतला खडा काढला, आज पिशवी. नर्सने खडे बाटलीत घालून माझ्या हातात दिले. कुठे ठेवायचे सुचेना. खिशात ठेवले. चाललं की वाजतात, वॉर्डातले लोक बघतात.

१८ मार्च
आज सगळं सांगून टाकायचं. साय, तेल, डॉक्टरांना सांगितलेलं ते ‘विशेष काही नाही’, सगळं. स्टूल ओढून बसलो. म्हणालो, ऐक ना. ही म्हणाली, दमलेय हो. म्हटलं, मग राहू दे. किती हायसं वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२१ मार्च
डिस्चार्ज. मी घर आवरलं, उशांचे अभ्रे बदलले, महिन्याची रजा टाकली. आता नुसती सेवा. खाली उतरलो तर मेहुणी गाडीचं दार उघडून उभी. ही म्हणाली, थोडे दिवस हिच्याकडे जाऊन राहते. मी म्हणालो, अगं, तुझी बहीण दिवसभर कामावर. तिकडे तुझ्याकडे बघायला आहे कोण?
ही म्हणाली, कुणी नाही. म्हणून तर.
बॅग मीच उचलून गाडीत ठेवली.
माझी दगदग वाचावी म्हणून ती गेली, असं इथे एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं.